गरम हवा वर जाते, मग महाबळेश्वर थंड कसं? उष्णता, हवा आणि वाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हापासून हे प्रश्न मागे लागलेत, आता ट्रेकला गेलं की तिथेही तेच आणि सुट्टीत भाचेकंपनी आली की घरीही तेच, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. क्रम वगैरे नीट लावलेला नाही, जो प्रश्न जास्त येतो तो वर. एक आधीच सांगतो, "गरम हवा वर जाते" हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलंय पण ते अर्धंच आहे, उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही आणि बहुतेक सगळा घोळ तिथेच होतो.

गरम हवा वर जाते ना, मग महाबळेश्वर तापलेलं पाहिजे आणि वाई गार पाहिजे. उलटं कसं?

एक नंबरचा प्रश्न, आणि हा विचारणारा पोरगा वर्गात हुशार निघतो हा माझा अनुभव. उत्तर असं की हवा वर जाते हे खरं, पण वर जाता जाता ती गार होते. वाईतून निघालेली गरम हवा महाबळेश्वरला पोचते तेव्हा ती गरम राहिलेलीच नसते!

का गार होते? वर गेलं की डोक्यावरच्या हवेचं ओझं कमी, म्हणजे दाब कमी, त्यामुळे हवा फुगते. फुगायचं म्हणजे आजूबाजूच्या हवेला ढकलून जागा करायची, त्याला ताकद लागते, आणि ती ताकद हवा स्वतःच्याच उष्णतेतून काढते. बाहेरून कोणी थंडावा देत नाही, हवा आपल्याच खिशातून खर्च करते. कोरडी हवा असेल तर दर किलोमीटरला साधारण १० डिग्री हा तो खर्च. वाई समुद्रसपाटीपासून सातशेच्या आसपास मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, म्हणजे साडेसहाशे मीटरचा फरक, म्हणजे सहा डिग्री गेल्याच की. पसरणी घाट चढताना गाडीची काच खाली केली तर हे अंगावर कळतं.

उलटंही खरं आहे, हवा दाबली की तापते. सायकलला पंपाने हवा भरा आणि पंपाचं खालचं टोक हाताला लावून बघा. आणि टायरमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरा, गार लागतं. (तोंडाने फुंकर मारली की गार लागते ते उदाहरण खूप जण देतात, पण तो वेगळा मामला आहे, फुंकर आजूबाजूची हवा ओढून घेते म्हणून गार लागते.)

पण डोंगरावर आपण सूर्याच्या जवळ असतो ना?

सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्यात दीड किलोमीटरने काय फरक पडणार. आणि गंमत म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण इथे स्वेटर घालून बसलेलो असतो तेव्हा.

खरा मुद्दा असा की सूर्य हवेला फारसं तापवतच नाही. ऊन हवेतून बऱ्यापैकी आरपार येतं आणि जमिनीला तापवतं, मग जमीन तिला चिकटलेल्या हवेला तापवते. म्हणजे आपली हवा वरून तापत नाही, तव्यावरच्या भाकरीसारखी खालून तापते. हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं निम्मं आपोआप सुटतं.

दुपारी १२ ला ऊन सगळ्यात कडक, मग पारा ३ ला का चढतो?

तवा गॅसवर ठेवला की लगेच तापतो का? तसंच. बारानंतर ऊन उतरायला लागतं पण जमिनीला मिळणारी उष्णता अजून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्तच असते, तीनच्या सुमारास दोन्ही सारखी होतात, मग उतार.

हवा तापते म्हणजे तिचं नक्की काय होतं?

कण जोरात पळायला लागतात, एकमेकांना जास्त धडकतात आणि लांब लांब होतात, म्हणजे तेवढ्याच जागेत हवा कमी मावते, हलकी होते. हवेला वजन असतं हे लोकांना पटत नाही म्हणून आकडाच सांगतो. १० बाय १० ची खोली घ्या, उंचीपण १० फूट धरा, तिच्यात साधारण ३३ किलो हवा असते. ती खोली ३० डिग्रीवरून ४० डिग्रीला तापली की हवा तीन-सव्वातीन टक्के फुगते आणि किलोभर हवा खिडकीच्या फटीतून बाहेर निघून जाते. किलोभर! आपल्याला पत्ताही लागत नाही. आता १० बाय १० च्या खोलीऐवजी अख्खा विदर्भ किंवा अख्खं राजस्थान तापलंय असं धरा म्हणजे कमी दाबाचा पट्टा का तयार होतो ते कळेल.

गरम हवा स्वतःहून वर जाते का?

नाही. तिला ढकलतात. बादलीत तळाशी तेल सोडलं तर ते वर येतं कारण जड पाणी खाली घुसतं आणि तेलाला वर लोटतं, तेलाला काही वर जायची हौस नसते. गरम हवेचंही तसंच, बाजूची गार जड हवा खालून शिरते आणि हिला वर उचलते. ही जी बाजूने शिरणारी गार हवा, तिलाच आपण वारा म्हणतो. म्हणजे पाठ करायचंच असेल तर वाक्य असं करा, की गार हवा खाली शिरते, गरम हवेला वर ढकलते, आणि वर गेलेली हवा फुगून गार होते. तीन तुकडे आहेत, आपण मधलाच धरून बसतो.

समुद्रावरून दिवसा वारा येतो आणि रात्री उलटा जातो, असं का?

हे खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई.

पाणी तापायला फार हट्टी. एक किलो पाणी एक डिग्रीने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात पाचेक किलो कोरडी माती तापते. त्यात ऊन पाण्यात खोल उतरतं, लाटा पाणी ढवळत राहतात, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही, जमिनीची मात्र वरची बोटभर मातीच भाजून निघते. मे महिन्यात दुपारी वाळूत अनवाणी चाललात तर पाय पोळतात आणि चार पावलांवर पाणी गार, हे कोकणात गेलेल्या प्रत्येकाने केलेलंच आहे. मग जमिनीवरची हवा तापून हलकी, समुद्रावरची गार आणि जड, ती आत घुसते. रात्री जमीन पटकन निवते, पाणी आपलं तसंच कोमट, मग वारा उलटा. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा कोळी लोक याच्यावरच चालायचे, पहाटे मतलई घेऊन बाहेर पडायचं आणि दुपारी खारा वारा शिडात भरून परत यायचं, डिझेलचा एक थेंब नाही.

मुंबईकरांना मार्चमध्ये याचा फटका बसतो. रोज बाराच्या आत खारा वारा सुटला तर पारा ३२-३३ वर थांबतो, पण काही दिवशी जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा जोरात असतो, तो खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत आत येऊच देत नाही, आणि मग एकदम ३८-३९ होतात आणि बातम्यांमध्ये "मुंबई तापली". सूर्य तोच असतो, फक्त वारा उशिरा आलेला असतो. आणि हा वारा फक्त किनाऱ्यावरच राहतो असं नाही, एप्रिल-मेमध्ये पुण्यात दिवसभर भाजल्यावर संध्याकाळी पश्चिमेकडून जी झुळूक येते आणि लोक गच्चीवर जाऊन बसतात, ती घाट चढून आलेली समुद्राचीच हवा.

म्हणजे मॉन्सून म्हणजे मोठ्ठे खारे वारेच ना?

असं १६८६ साली एडमंड हॅली म्हणाला होता, तोच तो धूमकेतूवाला. आपल्या शाळेतही साधारण हेच शिकवलं जातं आणि सुरुवात म्हणून ठीक आहे. पण नीट विचार केला तर भोक दिसतं. जमीन सगळ्यात जास्त तापलेली असते मेमध्ये, मग सगळ्यात जास्त पाऊस मेमध्ये पडायला हवा. पडतो जुलैमध्ये, जेव्हा जमीन भिजून गार झालेली असते आणि ढगांनी ऊनही अडवलेलं असतं. तापलेल्या जमिनीने वारा ओढायला सुरुवात करून दिली हे खरं, पण नंतर गाडी दुसऱ्याच इंजिनवर चालते.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, पृथ्वीभोवती एक पट्टा आहे जिथे दोन्ही गोलार्धांचे वारे एकत्र येतात आणि हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. हा पट्टा सूर्याच्या मागे मागे सरकतो, जानेवारीत विषुववृत्ताच्या दक्षिणेला आणि जुलैमध्ये आपल्याकडे पार गंगेच्या मैदानापर्यंत. तो वर सरकला की दक्षिण गोलार्धातले वारे त्याच्याकडे यायला विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या डोंगरांना घासून सोमालियाच्या किनाऱ्यावरून उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून थेट आपल्याकडे. सोमालियाजवळ जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर हा वारा इतका जोरात असतो की त्याला स्वतंत्र जेट, म्हणजे वाऱ्याचा झोत, म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वाफ, आणि तिला वेगळा प्रश्न दिलाच पाहिजे.

पाऊस पडला की गार वाटतं, मग पावसातून उष्णता बाहेर पडते असं का म्हणतात?

कारण पडते! फक्त आपल्याला खाली नाही, वर ढगात. एक लिटर पाणी साध्या तापमानाला उकळीपर्यंत आणायला जेवढा गॅस जळतो, त्याच्या साधारण ७ पट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. म्हणून तर चहाला उकळी फुटायला पाच मिनिटं लागतात पण पातेलं विसरून गेलात तर पाणी आटायला अर्धा तास लागतो. ही उष्णता वाफेत लपून बसते, थर्मामीटरला दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. वाफेचं परत पाणी झालं की सगळीच्या सगळी बाहेर.

आता हिशोब बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला (कुलाब्याला त्याच दिवशी ७३, हे आजही ऐकणाऱ्याला खोटं वाटतं). ९४४ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी. एवढ्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटली ती विजेच्या युनिटमध्ये मोजली तर ६०० च्या वर युनिट होते, एका चौरस मीटरमागे, म्हणजे एका सतरंजीएवढ्या जागेवर एखाद्या साध्या घराचं काही महिन्यांचं बिल. ती सगळी वर हवेत गेली, हवा आणखी हलकी झाली, आणखी वर चढली, खालून आणखी दमट हवा ओढली गेली. मॉन्सूनचं दुसरं इंजिन म्हणतो ते हेच. अरबी समुद्राने आणि हिंदी महासागराने ऊन खाल्लं, वाफेत बांधून दिलं, आणि ते गाठोडं आपल्या डोक्यावर येऊन सुटलं. उष्णता जगभर फिरते म्हणतात तेव्हा तिचा मोठा हिस्सा असा वाफेत लपूनच प्रवास करतो.

चक्रीवादळाचंही हेच, साधारण २६-२७ डिग्रीच्या वर तापलेलं पाणी असल्याशिवाय ते जगत नाही, आणि किनाऱ्यावर चढलं की वाफेचा पुरवठा तुटतो म्हणून दम टाकतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात घुसलं, सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या करून गेलं पण पुढे आत जाता जाता ढेपाळलं.

सह्याद्रीच्या एका बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला टँकर, हे तर डोंगराने अडवल्यामुळे ना?

"डोंगर ढग अडवतो" हे ऐकायला बरं वाटतं पण डोंगर काही भिंत नाही, हवा त्याच्यावरून जातेच. अडवत नाही, चढायला लावतो. चढली की गार, गार झाली की वाफ धरवत नाही, पाऊस. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तेही पडला तर.

इथे एक बारीक गंमत आहे जी पुस्तकात एका ओळीत संपवतात. चढताना हवेत वाफ असते, तिचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून ती हवा किलोमीटरला १० नाही तर ५-६ डिग्रीनेच गार होते. पलीकडे उतरताना मात्र पाणी टाकून आलेली असते, कोरडी, आणि ती किलोमीटरला पूर्ण १० डिग्रीने तापते. म्हणजे त्याच उंचीला परत आली तर निघाली होती त्यापेक्षा गरम आणि कोरडी! आल्प्समध्ये अशा वाऱ्याला फॉन म्हणतात आणि अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्वेला चिनूक, तो काही तासांत बर्फ वितळवतो. आपल्याकडे उतार तेवढा मोठा नाही पण दुष्काळी पट्ट्याचं गणित तेच.

सगळ्या पृथ्वीवर उष्णता कशी फिरते, एका उत्तरात सांगता येईल का?

एका उत्तरात येईल पण थोडं लांबेल.

कणकेचा एकच गोळा घ्या. लहान पोळी लाटली तर जाड, मोठी लाटली तर पातळ. विषुववृत्तावर ऊन सरळ पडतं, तेवढंच ऊन लहान जागेत, जाड पोळी. ध्रुवाकडे तिरपं पडतं, तेच ऊन मोठ्या जागेवर पसरतं, पातळ पोळी. त्यामुळे विषुववृत्तापासून दोन्हीकडे साधारण ३५-४० अंशांपर्यंत वर्षभराची मिळकत खर्चापेक्षा जास्त आणि त्याच्या पलीकडे खर्च मिळकतीपेक्षा जास्त. असंच चालू राहिलं असतं तर इकडचे लोक दरवर्षी आणखी भाजले असते आणि तिकडचे आणखी गोठले असते. तसं होत नाही कारण हवा आणि समुद्र इकडची उष्णता उचलून तिकडे नेत असतात, चोवीस तास.

विषुववृत्ताजवळ हवा १५-१६ किलोमीटरपर्यंत चढते, तिथे वर छत लागल्यासारखं होतं, मग ती उत्तर-दक्षिणेला पसरते आणि ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. वर जाताना पाणी टाकून गेलेली, उतरताना दाबली जाऊन तापलेली, म्हणजे कोरडी आणि गरम. आता जगाचा नकाशा काढा आणि ३० अंशांच्या आजूबाजूला बोट फिरवा, सहारा, अरबस्तान, खाली कलाहारी, ऑस्ट्रेलियाचं वाळवंट. माण-खटावचं जे गणित तेच सहाराचं, फक्त सह्याद्रीच्या जागी अख्खं विषुववृत्त आहे. उतरलेली हवा जमिनीलगत परत विषुववृत्ताकडे येते, ते पूर्वीय वारे, ज्यांच्यावर जुने व्यापारी जहाजं हाकायचे. हे चक्र १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली नावाच्या लंडनच्या वकिलाने मांडलं, म्हणून हॅडली चक्र. वकील माणूस हवामानात काय करत होता विचारू नका, तेव्हा लोकांना वेळ होता.

हॅडलीला वाटलं हवा एका दमात ध्रुवापर्यंत जाते. नाही जात, पृथ्वी फिरते म्हणून मध्येच वळते आणि तीन टप्पे पडतात. मधल्या टप्प्यात, म्हणजे युरोप-अमेरिकेत, उष्णता शिस्तीत नाही जात, मोठमोठे भोवरे तयार होतात, एका बाजूने गरम हवा ध्रुवाकडे आणि दुसऱ्या बाजूने थंड हवा विषुववृत्ताकडे, म्हणून तिकडचं हवामान दर चार दिवसांनी बदलतं आणि लंडनमध्ये राहणारे आपले नातेवाईक फोनवर आधी वेदरच सांगतात.

पृथ्वी फिरते त्याने वारा का वळतो?

विषुववृत्तावर जमीन पूर्वेकडे ताशी १६७० किलोमीटरने पळतेय, मुंबईच्या अक्षांशावर १५८० च्या आसपास, ध्रुवावर शून्य. विषुववृत्तावरून उत्तरेला निघालेली हवा तो जास्तीचा वेग बरोबर घेऊन येते, चालत्या लोकलमधून उतरल्यावर माणूस चार पावलं पुढे धावतो तसं, आणि खालची जमीन हळू पळत असल्यामुळे हवा पूर्वेकडे, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे सरकते. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. सोमालियाजवळ मॉन्सून वळतो तो यामुळेच, नाहीतर सरळ अरबस्तानात गेला असता आणि आपण बसलो असतो वाट बघत. लोकलचं उदाहरण पूर्ण नाही हे मान्य, पूर्व-पश्चिम वाहणारा वाराही वळतो आणि ते यात बसत नाही, पण चित्र डोळ्यासमोर यायला चालतं.

आणि बेसिनमधलं पाणी उत्तरेत एका बाजूने आणि दक्षिणेत दुसऱ्या बाजूने फिरतं ही थाप आहे. एवढ्याशा जागेत हा परिणाम नसल्यातच जमा, ते बेसिनच्या आकारावर आणि नळ कसा सोडलात त्यावर जातं.

लंडनहून मुंबईला येताना विमान लवकर का पोचतं?

वर ९ ते १२ किलोमीटरवर जेट स्ट्रीम नावाचे वाऱ्याचे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, येताना ढकलतात आणि जाताना तोंडावर. तासभराचा फरक सहज. गरम आणि थंड हवेची जिथे हद्द लागते तिथे हे तयार होतात, फरक जेवढा मोठा तेवढा वारा जोरात, म्हणून हिवाळ्यात जास्त.

नागपूरला कूलर मस्त चालतो, मुंबईत आणला तर चिकचिक. कंपनीने फसवलं का?

नाही हो. कूलर उष्णता बाहेर टाकत नाही, ती वाफेत लपवतो. नागपूर-चंद्रपूरची मेमधली ४४ डिग्रीची खडखडीत हवा ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून गेली की पाणी भराभर उडतं आणि १५-एक डिग्री सहज उतरतात. मुंबईची हवा आधीच वाफेने भरलेली, तिच्यात आणखी पाणी जात नाही, मग गारवाही नाही, उलट दमटपणा वाढतो. घामाचंही तसंच, म्हणून मुंबईचे ३४ कधी कधी जास्त छळतात. फॅनबद्दलही विचारतात, तर फॅन खोली गार करत नाही, मोटरमुळे खोली नखभर तापवतोच, फक्त आपला घाम उडवतो. रिकाम्या खोलीत फॅन चालू ठेवून जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी, आमच्या घरात दोन आहेत.

मेमध्ये सकाळभर निरभ्र आणि चारला अचानक काळाकुट्ट ढग, वळीव, कधी गारा. कुठून येतं हे सगळं?

येत नाही, तिथेच शिजतं. दुपारपर्यंत जमीन तापून हवेचे बुडबुडे सुटायला लागतात, पातेल्याच्या तळातून सुटतात तसे. अकरा-बाराच्या सुमारास वर बघा, घारी पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जातात, त्या या बुडबुड्यावर बसलेल्या असतात, आणि कामशेतचे पॅराग्लायडिंगवाले घारी बघूनच ठरवतात कुठे जायचं. माळावर वावटळ उठते तीही त्याच प्रकारातली, धुळीमुळे दिसते एवढंच. हवेत वाफ पुरेशी असली, आणि एप्रिल-मेमध्ये बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून ती येते, तर बुडबुडा वर गेल्यावर ढग होतो, सुप्त उष्णता सुटते, आणखी जोरात वर, असं करत ढग तासाभरात १२-१५ किलोमीटर उंच. त्याच्या माथ्यावर उणे ५० च्या आसपास तापमान असतं, खाली आपण ४० मध्ये घामाघूम. पाण्याचे थेंब वर फेकले जातात, गोठतात, वरून थर चढत जातात, आणि वर जाणाऱ्या हवेला पेलवेनात एवढे जड झाले की गारा. आंबा-द्राक्षवाल्यांना विचारा पुढचं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी जो गार वारा सुसाट येतो, धूळ उडवत, कपडे वाळत घातलेले नेत, तो त्याच ढगातून खाली कोसळलेल्या गार हवेचा असतो. पावसाने हवा गार झाली, जड झाली, खाली आदळली आणि बाजूला पसरली.

निफाड काही महाबळेश्वरएवढं उंच नाही, मग राज्यातला नीचांक बऱ्याचदा तिथेच कसा?

इथे आपल्या वाक्याचा पहिला भाग कामाला येतो, गार हवा जड असते आणि पाण्यासारखी सखल जागी साचते. थंडीत आकाश निरभ्र, वारा नाही, हवेत वाफ कमी, त्यामुळे रात्री जमीन आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते, तिला चिकटलेली हवा गार होते आणि गोदावरीच्या सखल खोऱ्यात उतरून बसते. अशा रात्री उंचावर ऊब आणि खाली कडाका, नेहमीच्या उलट. महाबळेश्वरला वरची हवा घसरून खाली जाते म्हणून रात्री ते निफाडपेक्षा उबदार निघतं. निफाडचे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, बोअरचं पाणी सोडतात (ते जमिनीखालचं म्हणून हवेपेक्षा कोमट असतं), आणि शेकोटीचा धूर बघा, थोडा वर जातो आणि मग चादरीसारखा आडवा पसरतो. वर त्याच्याहून गरम हवेचं झाकण असतं, त्याच्यावर त्याला जाता येत नाही. शहरांत थंडीत सकाळी धुरकं साचतं ते याच झाकणाखाली.

ऑक्टोबर हीट?

मॉन्सून परतला, ढग गेले, ऊन लागलं, जमीन अजून ओली. ऊन आणि वाफ दोन्ही एकदम. बास.

एल निनो कुठे पॅसिफिकमध्ये, आपला पाऊस का बिघडतो?

समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते तेवढी अख्ख्या वातावरणात मावते, एवढा समुद्र मोठा खजिना आहे. नेहमी पॅसिफिकचं गरम पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाच्या बाजूला साठलेलं असतं आणि तिथे हवा वर चढते. काही वर्षी वारे ढिले पडतात, ते गरम पाणी पूर्वेकडे पेरूच्या दिशेने सरकतं (हाच एल निनो), हवा चढण्याची जागा पण त्याच्याबरोबर सरकते, आणि मग आपल्या बाजूला हवा उतरते. उतरणारी हवा म्हणजे काय ते आता तुम्हीच सांगा. आपला बहात्तरचा दुष्काळ एल निनोच्या वर्षातला. पण एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच असंही नाही, १९९७ चा एल निनो जबरदस्त होता आणि देशात पाऊस सरासरीएवढा झाला.

पॅसिफिक आणि हिंदी महासागराच्या दोन बाजूंचा दाब सी-सॉसारखा खालीवर होतो हे गिल्बर्ट वॉकरने शोधलं, तो १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचा प्रमुख होता आणि आपला मॉन्सून आधी सांगता यावा म्हणून जगभरचे आकडे गोळा करत बसला होता. खात्याचं मुख्यालय तेव्हा शिमल्याला, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक सिमला ऑफिस म्हणायला लागले. रोज त्या चौकातून जाणाऱ्या निम्म्या पुणेकरांना नावाचं कारण माहीत नसतं.

उन्हात लावलेली गाडी भट्टी होते तो ग्रीनहाऊस इफेक्टच ना?

नाव तेच, कारण वेगळं. गाडी तापते मुख्यतः तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून, काच थोडी खाली केली की फरक पडतो. पृथ्वीवर हवा कोंडलेली नाही, तिथे पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड हे वायू जमिनीने सोडलेली उष्णता शोषतात आणि काही परत खाली पाठवतात. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ असतं, आहे १५ च्या आसपास, म्हणजे मुळात हे आपल्या भल्याचंच. आता ते वायू वाढतायत एवढाच प्रॉब्लेम, आणि हवा एक डिग्रीने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणजे पावसाच्या गाठोड्यात तेवढं जास्त सामान.

हे घरी बघता येईल का?

एसीची खोली घ्या, अर्धा तास चालवा, मग एसी आणि फॅन दोन्ही बंद करून दार चार बोटं उघडा आणि फटीत उदबत्ती धरा. आधी उंबऱ्याजवळ धरा, धूर बाहेर पळतो. मग स्टुलावर चढून चौकटीच्या वरच्या टोकाशी धरा, धूर आत ओढला जातो. आता मधे कुठेतरी अशी जागा शोधा जिथे धूर इकडेही जात नाही आणि तिकडेही नाही, सरळ उभा राहतो. माझ्या भाचीला ती कमरेच्या थोडी वर सापडली होती, तेवढ्यात आतून आवाज आला की दार लावा, गारवा चाललाय.